कंदिलाची काच आणि काचेची शेगडी

विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही सोलापूरला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी एका शिक्षकमित्राने घरी जेवायला बोलावले. ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही असा बेत होता. जेवण झाल्यावर मित्राने स्वयंपाकघरात नेऊन नवी गॅसची शेगडी दाखवली. वरचा भाग पत्र्याचा नव्हता, काळ्या चकचकीत काचेचा होता. पण उजव्या बाजूला काचेवर बारीक गोलाकार ओरखड्यांचे जाळे पसरले होते. "आईनं राखेनं घासली," मित्र जरा वैतागून म्हणाला. आईंचे वय ऐंशीच्या पुढचे. त्या दारातूनच म्हणाल्या, "राखेनं काय व्हतंय? कंदिलाच्या काचा आमी काय दुधानं धुत व्हतो?"

सगळे हसले आणि विषय तेथेच थांबला. आमच्या मनातून मात्र तो जाईना. कंदिलाची काच राखेने पुसत हे खरे, आणि शेगडीच्या काचेवर ओरखडे पडले हेही खरे. मग चूक कोणाची? राखेची, काचेची, की पुसणाऱ्या हाताची? उत्तर शोधताना कंदिलापासून शेगडीपर्यंतचा इतिहास पाहावा लागला. तो स्वयंपाकघरातला असल्यामुळे पाठ्यपुस्तकात फारसा येत नाही. म्हणून येथे मांडत आहोत.

काजळीची काच

वीज खेडोपाडी पोचण्यापूर्वी दिवेलागणीच्या आधी कंदिलाच्या काचा पुसणे हे घरातल्या मुलांचे काम असे. काचेच्या निमुळत्या तोंडातून मोठ्यांचा हात आत जात नसे, मुलांचा जाई. महाराष्ट्रात काचेचे कारखाने स्वदेशीच्या चळवळीतून उभे राहिले. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा जमवून पैसा फंड सुरू केला. त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पुढे १९१६ मध्ये कराडजवळ, त्या वेळच्या औंध संस्थानच्या हद्दीत, ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला. त्या जागेला ओगलेवाडी हे नाव पडले आणि तेथील 'प्रभाकर' कंदील घरोघरी पोचला.

ही काच पुसण्याचे काही नियम होते. पहिला नियम, काच पूर्ण गार झाल्याशिवाय तिला हात लावायचा नाही आणि गरम काचेवर पाण्याचा थेंबही पडू द्यायचा नाही. दुसरा, काजळी आधी कोरड्या राखेने काढायची, पाण्याने नाही. तिसरा, राख फडक्यातून चाळून घ्यायची, म्हणजे वस्त्रगाळ करायची. चौथा, पुसायला जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे मऊ फडके घ्यायचे.

प्रत्येक नियमामागे कारण आहे. साध्या काचेचे तापमान एका अंशाने वाढले, की तिची लांबी दर दहा लाख भागांत सुमारे नऊ भागांनी वाढते. ही वाढ नगण्य वाटते. परंतु काच उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे थेंब पडलेली जागा झटकन आकसते आणि भोवतालची गरम काच तिला आकसू देत नाही. या ओढाताणीत काच तडकते. काजळी म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांच्यासोबतचे थोडे तेलकट, डांबरट पदार्थ. पाणी लावले की ती पसरते आणि काच अधिकच काळी होते. कोरडी राख हा तेलकटपणा शोषून घेते आणि कणांना सोबत घेऊन सुटते. मऊ फडक्याने काच घासली जात नाही. राहिला वस्त्रगाळ करण्याचा नियम. त्याकडे शेवटी येऊ.

राखेतून सोड्याकडे

राख ही माणसाची सर्वांत जुनी रासायनिक वस्तू म्हटली तरी चालेल. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते आणि ते पाण्यात विरघळून अल्कधर्मी द्रावण देते. 'अल्कली' हा शब्द मूळचा अरबी आहे आणि तो खारट जमिनीतल्या वनस्पतींच्या राखेवरून आला. हम्फ्री डेव्हीने १८०७ साली वेगळ्या केलेल्या धातूला पोटॅशियम हे नाव मिळाले, तेही भांड्यात उकळून आटवलेल्या राखेवरूनच. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत वनस्पतींच्या राखेचा निथळ भाजलेल्या चुन्याबरोबर उकळून तीक्ष्ण क्षार करण्याची रीत दिलेली आहे. तो लोखंडी भांड्यात ठेवावा असेही सांगितले आहे. प्रफुल्लचंद्र राय यांनी भारतीय रसायनाच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात या कृतीकडे जगाचे लक्ष वेधले.

महाराष्ट्राला राखेव्यतिरिक्त एक नैसर्गिक साठाही लाभला होता. तो म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर. उल्कापाताने झालेल्या या विवरातले पाणी खारे आणि तीव्र अल्कधर्मी आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर सोड्याचे थर जमत आणि लोक ते गोळा करीत. अकबराच्या काळातील 'ऐन-इ-अकबरी' या ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात या जागेची नोंद आहे. काच आणि साबण करण्यासाठी लागणारे सर्व काही येथे मिळते, असे अबुल फजल सांगतो.

काच आणि साबण ही जोडी वाचून प्रथम आश्चर्य वाटते. पण दोन्हींत सोडाच कामाला येतो. वाळू वितळायला फार मोठे तापमान लागते. तिच्यात सोडियम कार्बोनेट मिसळले की ती कमी तापमानाला वितळते, आणि सोबत चुना घातला की झालेली काच पाण्यात टिकते. आजच्या साध्या काचेतही सुमारे ७० ते ७४ टक्के सिलिका असते आणि १३ ते १५ टक्के सोडा. हाच सोडा चुन्याने तीक्ष्ण करून तेलाबरोबर उकळला की साबण होतो. तेल आणि अल्कली यांच्या संयोगात नेमके काय घडते, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रोल याने १८२३ मध्ये आपल्या ग्रंथात मांडले. तेलाचे रेणू फुटून मेदाम्लांचे क्षार, म्हणजे साबण, आणि ग्लिसरीन तयार होते.

पुढे सोडा कारखान्यात होऊ लागला. लब्लां याने १७९१ मध्ये मिठापासून सोडा करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. १८६१ मध्ये बेल्जियमच्या सॉल्वे याने अधिक स्वस्त पद्धत काढली. मिठाच्या द्रावणात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड सोडले की प्रथम सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडा, खाली बसतो. तो तापवला की धुण्याचा सोडा मिळतो. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या टाटा केमिकल्सचा सौराष्ट्रातील मिठापूरचा कारखाना याच पद्धतीचा. अशा रीतीने चुलीतल्या राखेची जागा पुडीतल्या सोड्याने घेतली.

कंदिलापासून शेगडीपर्यंत

आता काचेकडे वळू. काच चुलीवर चढू शकेल ही कल्पनाच कंदिलातून निघाली, हे ऐकून वाचकांना गंमत वाटेल. अमेरिकेत रेल्वेच्या सिग्नलच्या कंदिलांच्या काचा पावसात आणि बर्फात तडकत. कंदील विझला तर अपघाताची भीती. म्हणून कॉर्निंग या कारखान्याने विसाव्या शतकाच्या आरंभी कमी प्रसरण पावणारी, बोरॉनयुक्त काच तयार केली. जर्मनीत ऑटो शॉट याने असे काम आधीच केले होते. कॉर्निंगमधले पदार्थवैज्ञानिक जेसी लिटलटन यांनी १९१३ मध्ये अशा काचेच्या बॅटरीच्या बरणीचा कापलेला बुडखा घरी नेला आणि त्यांच्या पत्नी बेसी यांनी त्यात केक भाजला. काच तडकली नाही. १९१५ मध्ये 'पायरेक्स' भांडी बाजारात आली.

पुढचा टप्पा अपघाताने गाठला गेला. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याच कारखान्यातले डोनाल्ड स्टुकी लिथियमयुक्त काचेची एक पट्टी भट्टीत तापवत होते. भट्टीचे नियंत्रण बिघडले आणि तापमान ठरल्यापेक्षा सुमारे तीनशे अंशांनी वर गेले. पट्टी वितळून वाया गेली असेल असे त्यांना वाटले होते. प्रत्यक्षात ती पांढरी, अपारदर्शक झाली होती आणि चिमट्यातून निसटून फरशीवर पडली तेव्हा फुटण्याऐवजी धातूसारखी खणखणली. काचेच्या पोटात अतिसूक्ष्म स्फटिक वाढले होते. याला काच-सिरॅमिक म्हणतात. १९५७ मध्ये ते 'पायरोसेराम' नावाने जाहीर झाले. आजच्या शेगड्यांत वापरल्या जाणाऱ्या प्रकारात स्फटिक तापल्यावर किंचित आकसतात आणि उरलेली काच किंचित फुगते. दोन्हींचा हिशेब जुळून एकूण प्रसरण जवळजवळ शून्य होते. १९७१ मध्ये जर्मनीच्या शॉट कंपनीने शेगडीसाठी 'सेरान' हा असा पृष्ठभाग पुढे आणला. आपल्याकडील इंडक्शन शेगडीची चांगली काच याच कुळातली.

आपल्या मित्राच्या घरची गॅसची शेगडी मात्र या कुळातली नाही. तिची काच साधी सोडा-चुन्याचीच, पण कडक केलेली असते. काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन गार करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो, आणि त्या ओढीमुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. चीर पसरायला ताण लागतो. येथे पृष्ठभागावर उलट दाब असल्याने ती सहजी पसरत नाही. फ्रान्समध्ये द ला बास्ती याने १८७४ साली तप्त काच तेलात बुडवून हे साधले होते. अशी काच साध्या काचेपेक्षा बरीच मजबूत असते. पण तिच्या पोटात ताण साठवलेला असतो. दाबाचा थर भेदून चीर आत पोचली, विशेषतः कडेला आघात झाला, तर सगळी काच एकदम बारीक तुकड्यांत फुटते. राखेचे ओरखडे इतके खोल जात नाहीत. परंतु बर्नरजवळच्या तापलेल्या काचेवर गार ओले फडके टाकणे किंवा कडेला जड कढई आपटणे धोक्याचे आहे. आजींचा पहिला नियम येथेही तंतोतंत लागू पडतो.

शेगडीवरचा मळ

कंदिलाच्या काचेवर फक्त काजळी होती. शेगडीवर निदान चार प्रकारचा मळ येतो आणि प्रत्येकाचे औषध वेगळे आहे.

पहिला तेलाचा. सोलापूर हा करडईचा प्रदेश. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या आसपास असते. अशी तेले उष्णतेने आणि हवेतील ऑक्सिजनने एकमेकांत गुंफली जाऊन बहुवारिक बनतात. करडईचे तेल दीर्घ काळ तापवून चिकट रोगण करण्याची जुनी पद्धत याच गुणावर आधारलेली होती. फोडणीचे उडालेले थेंब शेगडीवर पिवळट, चिवट डाग होऊन बसतात ते म्हणजे नकळत झालेले रोगणच. ते नुसत्या पाण्याने निघत नाही, अल्कलीने हळूहळू फुटते. खाण्याच्या सोड्याचा दाट लेप गार काचेवर पसरून त्यावर ओले फडके पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. फडक्यामुळे लेप वाळत नाही आणि सोड्याला काम करायला वेळ मिळतो. मग साबणाच्या पाण्याने पुसावे. खाण्याचा सोडा सौम्य अल्कली आहे. त्याचे निम्मे काम बारीक, मऊ कणांनी घासण्याचे असते. धुण्याचा सोडा अधिक तीव्र असला तरी बर्नरच्या ॲल्युमिनियमच्या भागांना काळे पाडतो आणि हाताच्या कातडीलाही त्रास देतो.

दुसरा मळ पाण्याचा. सोलापूरची जमीन काळ्या पाषाणाची आणि तेथल्या विहिरींचे पाणी जड. त्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापले की कॅल्शियम कार्बोनेट बनून पांढरी कडी उमटतात. डाळ-भात उतू गेला की ही कडी हमखास दिसतात. त्यांच्यावर सोडा चालत नाही, आम्ल लागते. बाजारातले व्हिनेगर म्हणजे सुमारे चार टक्के ॲसेटिक आम्ल. ते किंवा लिंबाचा रस पाच मिनिटे लावून पुसले की डाग जातो. तांब्या-पितळेला चिंच लावणारे हात हे तत्त्व केव्हापासूनच वापरत होते.

तिसरा मळ जळलेल्या पिठाचा. भाकरीचे पीठ, भाताची पेज भिजवून मऊ करावी. घासण्याची घाई करू नये. चौथा मळ साखरेचा किंवा गुळाचा, आणि येथे एक अपवाद आहे. इंडक्शनच्या काच-सिरॅमिकवर पाक सांडला आणि गार होऊ दिला, तर तो काचेला घट्ट धरून आकसतो आणि पृष्ठभागाचे टवके काढतो. म्हणून शेगडी बंद करून, हात भाजणार नाही अशी काळजी घेत, तो कोमट असतानाच कोरड्या लाकडी उलथन्याने सरकवून काढावा. पाणी मात्र गार झाल्यावरच लावावे.

हल्ली सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. फेस येतो आणि काही तरी जोरदार घडत आहे असे वाटते. रसायनशास्त्र सांगते, की आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात. उरते सोडियम ॲसेटेटचे पाणी, आणि कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बुडबुड्यांनी मळ थोडा हलतो इतकेच. दोन्ही वापरायची तर एकामागून एक वापरावी, आधी तेलासाठी सोडा, तो पुसून झाल्यावर क्षाराच्या डागांसाठी व्हिनेगर. ब्लीचिंग पावडर किंवा तिच्यासारखे द्रावण मात्र कोणत्याही आम्लात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

चाळायचे राहून गेले

आता मूळ प्रश्न. काचेचा कठिणपणा मोहच्या प्रमाणावर साडेपाचच्या आसपास असतो. खाण्याचा सोडा सुमारे अडीच, राखेतले कॅल्शियम कार्बोनेट तीन. हे दोन्ही काचेला ओरखडा पाडू शकत नाहीत. वाळूतले क्वार्ट्झ मात्र सात. मित्राच्या अंगणात पाणी तापवायचा बंब होता आणि त्यात लाकडांबरोबर गोवऱ्याही जळत. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यातली चिमूटभर राख पेल्यातल्या पाण्यात ढवळली. हलकी राख बराच वेळ तरंगत राहिली. तळाशी लगेच काही चमकदार कण बसले. भिंगाखाली ते वाळूचे खडे दिसले. गोवरी जमिनीवर थापतात आणि वाळवतात, तेव्हा माती-वाळू तिला चिकटते. ती जळत नाही, राखेत तशीच उतरते.

आम्ही पेला आजींसमोर धरला. त्यांनी तळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "ती राख आमी फडक्यातनं चाळायचो. ही तशीच घेतली, ते खरं हाय. आता चाळत कोण बसतंय?"

म्हणजे आजींची रीत चुकीची नव्हती. तिच्यातली एक पायरी गळली होती, आणि सगळी भिस्त त्याच पायरीवर होती. सोडा-व्हिनेगरच्या सल्ल्याचेही असेच झाले आहे. दोन्ही पदार्थ बरोबर आहेत, पण कोणता कधी आणि किती वेळ, हे सांगायचे राहून गेले. पदार्थाचे नाव लक्षात राहते आणि कृती विसरली जाते. प्रयोगवहीत साहित्य लिहून कृती कोरी सोडणाऱ्या विद्यार्थ्याला आपण गुण देत नाही. परंपरेचे ज्ञान पुढे देताना मात्र आपण नेमके तेच करतो, आणि मग ओरखड्यांचा दोष आजींवर येतो.

शिक्षकांना हा पाठ वर्गात सहज घेता येईल. तीन काचपट्ट्या घ्याव्या. एकीवर न चाळलेली गोवरीची राख, दुसरीवर वस्त्रगाळ केलेली, तिसरीवर खाण्याचा सोडा घेऊन ओल्या कापडाने प्रत्येकी पन्नास वेळा घासावे आणि भिंगातून पाहावे. कापड म्हणून सोलापुरी टॉवेलचा जुना तुकडा उत्तम. त्याच्या सुती फासांत पाणीही मावते आणि सुटलेला मळही. दुसरा प्रयोग, खाण्याचा सोडा तव्यावर मंद आचेवर अर्धा तास तापवून गार करावा. तो आणि न तापवलेला सोडा यांची द्रावणे करून हळदीच्या कागदाने तपासावी आणि रंगांतला फरक नोंदवावा. सॉल्वेच्या कारखान्यातली शेवटची पायरी मुलांना घरच्या तव्यावर दिसेल.

आणि एक गृहपाठ द्यावा. प्रत्येक मुलाने घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कंदील, तांब्याचा हंडा किंवा लोखंडी तवा कसा साफ करीत ते लिहून आणावे. नुसते 'राखेने' किंवा 'चिंचेने' असे उत्तर घेऊ नये. राख कशाची, चाळली का, कोरडी की ओली, काच गरम की गार, हे सर्व विचारून घ्यावे. आमच्या मित्राने हा गृहपाठ आपल्या आठवीच्या वर्गाला दिला आहे, आणि राख चाळून दाखवायला आजी स्वतः शाळेत जाणार आहेत.